दिवाळी ते श्रावण, सुपरमार्केटशिवाय: वापरानंतरचा अनुभव

दिवाळीनंतर आम्ही घरात ठरवलं, की खाण्याचं सामान मॉलमधून आणायचं नाही आणि दहा मिनिटांत पोचवणाऱ्या अॅपवरूनही मागवायचं नाही. शक्य तेवढं पुण्याच्या आसपास पिकलेलं घ्यायचं, ते नसेल तर निदान महाराष्ट्रातलं. आता श्रावण लागलाय. हिवाळा, उन्हाळा आणि अर्धा पावसाळा असे तिन्ही ऋतू पाहून झालेत, त्यामुळे आता लिहायला हरकत नाही.

आम्ही दोघंही नोकरी करतो. माझं ऑफिस हिंजवडीला, त्यामुळे संध्याकाळी साडेसातच्या आत घरी पोचणं कठीण. मुलगी शाळेत, घरात सासूबाई. मैत्रिणी पहिला प्रश्न विचारतात तो वेळेचा. माझं उत्तर असं, की खरेदीचा वेळ पूर्वीपेक्षा कमी झालाय. वेळ लागतो तो निवडण्या-टिपण्याला, आणि त्याची सोय आधी लावली नाही तर दुसऱ्या आठवड्यातच हे सगळं बारगळतं.

आधी कोरड्या सामानाबद्दल, कारण खरी सुटका तिथे झाली. तांदूळ, ज्वारी, तूरडाळ, शेंगदाणे, गूळ, हळद, तिखट. महिन्याच्या यादीतलं वजनदार सामान एवढंच असतं, आणि हे सगळं आपल्या राज्यात पिकतं. प्रत्येकाचा हंगाम मात्र वेगळा. भाताची कापणी दिवाळीच्या आगेमागे, तूर डिसेंबर-जानेवारीपासून, रब्बीची ज्वारी फेब्रुवारी-मार्चात, हळद आणि मिरची उन्हाळ्याच्या तोंडाला. दिवाळीपासून महिन्याला एकेक जिन्नस भरत गेलं, की गुढीपाडव्यापर्यंत घर भरतं आणि पैशांचा भार एकदम पडत नाही. आम्ही असंच केलं. पाडव्यानंतर महिन्याची यादी अर्ध्या पानावर आली.

तांदूळ मावळातून घेतला, इंद्रायणी. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात आंबेमोहर १५७ आणि आयआर ८ या भाताच्या दोन वाणांच्या संकरातून हा वाण तयार झाला आणि १९८७ मध्ये शेतकऱ्यांपर्यंत आला. वास आंबेमोहराकडून आला, उतारा म्हणजे भरघोस पीक आयआर ८ कडून. ज्यांच्या घरी वर्षानुवर्षं पाकिटातला लांब दाण्याचा तांदूळ शिजतोय, त्यांना पहिले काही दिवस भात गिचका वाटेल. नव्या तांदळाला पाणी कमी लागतं, आणि इंद्रायणी मुळातच चिकट. पुलावाचा हट्ट धरू नका. मूगडाळीची खिचडी, मऊ भात-मेतकूट, वरणभात यांसाठी मला याच्या तोडीचा तांदूळ दुसरा मिळालेला नाही. कुकरची शिट्टी झाली की वास जिन्यापर्यंत जातो. मुळशीच्या आंबेमोहराला भौगोलिक मानांकन आहे आणि चव त्याहून नाजूक, पण उतारा कमी असल्यामुळे तो महाग पडतो. तो सणासुदीपुरता घेतला.

ज्वारी मंगळवेढ्याची, मालदांडी. तिलाही मानांकन आहे. तिथल्या काळ्या भारी जमिनीत परतीच्या पावसाची ओल धरून राहते, त्या ओलीवर आणि थंडीवर हे पीक येतं. ओळखीच्या घरातून एक कट्टा, म्हणजे लहान पोतं, आलं. गच्चीवर दोन दिवस कडक ऊन दिलं, चाळून घेतली, आणि पत्र्याच्या कोठीत थराथराला वाळवलेला कडुनिंबाचा पाला घालून भरली. पावसाळ्यात अजून टोका, म्हणजे धान्यातला किडा, लागलेला नाही.

दळणाबाबत एक गोष्ट सासूबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितली आणि ती पुढे शंभर टक्के पटली: एका वेळी दोन किलोच्या वर दळायचं नाही. ज्वारीचं पीठ जुनं झालं की विरी, म्हणजे पिठाचा चिकटपणा, जाते, मग भाकरी थापताना कडेला तडे जातात आणि परातीतून उचलताना मोडते. पाकिटातल्या पिठाची भाकरी मला कधी जमत नव्हती, ती ताज्या दळणाची जमू लागली. कोपऱ्यावरची गिरणी रात्री साडेआठपर्यंत चालू असते. ऑफिसातून येताना डबा टाकायचा, दुसऱ्या दिवशी उचलायचा. एवढ्यासाठी वेगळी फेरी करावी लागत नाही.

आता ओलं, म्हणजे भाजी-फळं. २०१६ साली राज्य सरकारने फळं आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला. तेव्हापासून गुलटेकडीच्या मार्केट यार्डात अडत्याकडे माल न टाकता शेतकऱ्याला तो थेट शहरात विकता येतो. कृषी पणन मंडळाने संत सावता माळ्यांच्या नावाने शेतकरी आठवडे बाजार सुरू केले तेही त्याच सुमारास. आमच्या भागात रविवारी सकाळी असा बाजार भरतो. पुरंदर, जुन्नर, खेड, मुळशी इथून टेम्पो येतात.

पाटी ‘शेतकरी बाजार’ अशी असली, तरी तिथे बसलेला प्रत्येक जण शेतकरी असेलच असं नाही. पहाटे मार्केट यार्डातून माल उचलून इथे मांडणारेही असतात. तोही कष्टाचाच धंदा आहे, माझी त्यांच्याविषयी तक्रार नाही. पण थेट शेतातलं हवं असेल तर ओळखता आलं पाहिजे. ज्याच्याकडे ढोबळी मिरची, ब्रोकोली, आलं, बटाटे आणि सफरचंद एकाच मांडणीत आहेत, त्याने ते पिकवलेलं नाही. ज्याच्याकडे फक्त तीन-चार जिन्नस आहेत, वांगी लहान-मोठी मिसळलेली आहेत, मेथीच्या मुळांना अजून ओली माती आहे, तिथे थांबायचं. आणि विचारायचं, पुढच्या रविवारी काय निघेल? शेतकऱ्याला ते ठाऊक असतं, तो लगेच सांगतो.

पुरंदरच्या एक मावशी आहेत, गवार, घेवडा आणि हंगामात वाटाणा आणतात. जुलैत मी घेवडा निवडायला हात घातला तर त्यांनी माझा हात बाजूला केला. म्हणाल्या, “ताई, ह्यो आज नका नेऊ. पावसानं आतनं काळा पडलाय. म्हशीला घालते मी. तुम्ही गवार न्या.” एक शेंग मोडून दाखवली, वरून हिरवीगार, आत दाण्यापाशी डाग. चकाचक गारव्यात प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये बांधलेला घेवडा मी इतकी वर्षं विकत घेतला, तिथे शेंग मोडून बघायची सोयच नव्हती. त्या दिवसापासून त्या मावशींकडे मी भाव विचारत नाही.

भावाचा विषय निघालाच आहे तर. २०२३ च्या मे महिन्यात टोमॅटोला दर नाही म्हणून शेतकऱ्यांनी माल रस्त्यावर ओतला, आणि त्याच वर्षी जुलैत शहरातला किरकोळ भाव शंभरीच्या पार गेला. मधल्या दोन महिन्यांत शेतकऱ्याचं आणि आपलं दोघांचंही नुकसान झालं. जुन्नरकडचा एक टोमॅटोवाला आमच्या बाजारात येतो, त्याच्या मालाचा दर तो स्वतः पाटीवर खडूने लिहितो. हा दर रविवारागणिक सहसा बदलत नाही. मला हे फार मोलाचं वाटतं, आणि घासाघीस न करण्याचं कारणही हेच आहे.

सगळ्यात मोठा बदल मात्र स्वयंपाकघरात झाला. पूर्वी मी आठवड्याचा मेनू ठरवून यादी करायचे. आता बाजारात जे चांगलं दिसेल ते आणते आणि मेनू त्यातून निघतो. क्रम टिकण्यावर ठरतो. मेथी, शेपू, चाकवत, करडई अशा पालेभाज्या रविवार-सोमवारी संपवायच्या. मंगळवार-बुधवारी भेंडी, गवार, वांगी. गुरुवारी दुधी, कोबी, दोडका. शुक्रवारी मोडाची मटकी किंवा हुलगे. शनिवारी भाजीची टोपली रिकामी, तेव्हा पिठलं-भाकरी नाहीतर शेंगदाण्याची आमटी. “आज काय करू?” हा प्रश्न आमच्या घरातून गेला, आणि रोज संध्याकाळी दमून घरी आल्यावर तो प्रश्न नसणं ही किती मोठी विश्रांती आहे ते नोकरी करणाऱ्या बाईलाच कळेल.

निवडणं रविवारी दुपारी चौघं बसून उरकतो. पालेभाजी निवडायची पण धुवायची नाही, सुती फडक्यात सैल गुंडाळून ठेवायची. कोथिंबिरीच्या काड्या कापून कोरड्या डब्यात, तळाला कागद. गवार मोडून ठेवायची, लसूण सोलून ठेवायचा. तासाभराचं काम. हे केलं तर सोमवार ते शुक्रवार रात्री अर्ध्या तासात जेवण तयार होतं. न केलेल्या आठवड्यात मेथीची जुडी बुधवारी पिवळी पडलेली सापडते.

सुरुवातीला आम्ही घरपोच सेंद्रिय टोपलीही लावली होती, ‘थेट शेतातून’ म्हणणारी. ती बंद केली. एक तर टोपली बुधवारी यायची आणि त्यात तीन पालेभाज्या एकदम. भर आठवड्यात तीन जुड्या निवडणार कोण? दुसरं म्हणजे भाजी कोणत्या गावची, हे दोनदा विचारूनही कळलं नाही. तुमच्या ओळखीतला एखादा शेतकरी गट व्हॉट्सअॅपवर यादी टाकत असेल आणि शनिवारी पोचवत असेल, तर ती पद्धत याहून कितीतरी बरी. आमच्या सोसायटीतली काही घरं तसं करतात आणि समाधानी आहेत.

पावसाळा हा खरा कस. आषाढात पालेभाजी सडते, महागते, बाजारात माणसंही कमी येतात. तेव्हा कडधान्यांनी आणि उन्हाळ्यात सासूबाईंनी घातलेल्या सांडग्यांनी निभावलं. पण याच दिवसांत मुळशी-वेल्ह्याकडच्या बायका टोपल्या घेऊन येतात: कुर्डू, टाकळा, फोडशी, भारंगी, करटोली. कोणी पेरलेलं नाही, फवारलेलं नाही. फोडशी दिसायला गवतासारखी, बुडाला पांढरी. ते बूड चिरून आतली माती धुवावी लागते आणि मधला टणक दांडा काढावा लागतो; मग भरपूर कांदा आणि भिजवलेली चणाडाळ घालून परतायची. भारंगी कडू, म्हणून उकडून पिळून घ्यायची. ओळख नसलेली रानभाजी अंदाजाने आणू नका, विकणाऱ्या बाईला कशी करायची ते नीट विचारा, त्या हौसेने सांगतात. ऑगस्टमध्ये कृषी विभाग रानभाजी महोत्सव भरवतो, तिथे मुलांना घेऊन जरूर जा. माझ्या मुलीला आता करटोल्याची भाजी डब्यात हवी असते.

खर्च: भाजीत फारसा फरक नाही. धान्य-डाळी पाकिटापेक्षा स्वस्त पडल्या, पण पैसे आधी मोजावे लागतात. लाकडी घाण्याचं तेल बरंच महाग आहे, यात लपवण्यासारखं काही नाही. आम्ही शेंगदाणा आणि करडईचं आलटून पालटून आणतो, तळण कमी केलं आणि मेळ बसवला. एकूण बिल मात्र खाली आलं, कारण बिस्किटं, चिप्स, सॉस, ‘एकावर एक’ अशा यादीबाहेरच्या वस्तू घरात येणंच थांबलं.

सगळंच स्थानिक मिळत नाही. चहा, मीठ, हिंग, जिरं, राजमा, मसूर आम्ही कोपऱ्यावरच्या वाण्याकडून घेतो. गहूही बहुतेक मध्य प्रदेशातला असतो. थोडा खपली सांगलीकडून आणला, खिरीला आणि लापशीला उत्तम, रोजच्या पोळीला आम्हाला परवडला नाही. दूध पूर्वीपासून जिल्हा संघाचंच आहे, तिथे काही बदलावं लागलं नाही.

एका खोलीत राहणाऱ्यांना, सतत फिरतीवर असणाऱ्यांना वर्षाचं धान्य भरा असं मी सांगणार नाही. ठेवायला जागा नसेल तर दोन-तीन घरांनी मिळून एक कट्टा वाटून घ्यावा, आमच्या शेजारच्यांनी तसंच केलं. आणि सुरुवात एका जिन्नसापासून करावी. तो जिन्नस तांदूळ असावा असं माझं मत आहे, कारण तो टिकतो, रोज लागतो आणि फरक पहिल्या घासाला कळतो. मावळातले बरेच शेतकरी कापणीआधीच नावं लिहून घेतात. गणपतीत फोन केलात तर किती किलो, किती पॉलिश हे तेव्हाच ठरवता येईल. पॉलिश कमी सांगितलं तर चव जास्त, पण किडीची भीतीही जास्त, तेव्हा असा तांदूळ सहा महिन्यांपुरताच घ्या.