ला पाझची रोपवे सेवा: नवख्या परदेशी प्रवाशाने आधी हिचाच विचार करावा

रोपवे म्हटले की आपल्याला रायगड आठवतो आणि सोबत सहलीची गर्दीही. बोलिव्हियातील ला पाझ शहरात मात्र ‘मि तेलेफेरिको’ ही रोपवे सेवा नोकरदारांच्या, विद्यार्थ्यांच्या आणि बाजारात माल घेऊन निघालेल्या बायकांच्या रोजच्या येण्याजाण्याचे साधन आहे. या शहरात पहिल्यांदा येणाऱ्या परदेशी माणसानेही टॅक्सीच्या आधी तिचाच विचार करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

ला पाझ समुद्रसपाटीपासून सुमारे ३,६०० मीटर उंचीवरच्या खोलगट दरीत वसले आहे, तर त्याला लागूनच असलेले एल आल्तो हे शहर त्याहून चारेकशे मीटर उंच पठारावर आहे. दोन्ही शहरांना जोडणारे रस्ते वळणावळणांचे असून तिथे वाहनांची सतत कोंडी होते. २०१४ साली लाल मार्ग सुरू झाला, पाठोपाठ पिवळा आणि हिरवा आला, म्हणजे बोलिव्हियाच्या झेंड्यातले तिन्ही रंग पूर्ण झाले. २०१९ मध्ये रुपेरी मार्ग सुरू होऊन एकूण दहा मार्ग झाले. ऑस्ट्रियाच्या डॉपेलमायर कंपनीने ही यंत्रणा उभारली असून ती सरकारी कंपनी चालवते.

केबिन स्थानकात पूर्ण थांबत नाही, फक्त तिचा वेग मंदावतो. तेवढ्यात कर्मचारी हाताने इशारा करून दहा जणांना झटपट आत बसवतात. आत शिरताना ‘बुएनोस दियास’ (शुभ सकाळ) म्हणण्याची इथे रीत आहे आणि ती पाहुण्यानेही पाळावी, कारण त्या दोन शब्दांनी समोर बसलेल्या, पोयेरा हा घेरदार घागरा आणि गोल टोपी घातलेल्या आजीबाईंचा चेहरा लगेच खुलतो. लाल मार्गावर जुन्या रेल्वे स्थानकापासून वर जाताना शहराची मोठी दफनभूमी दिसते. तिथे भिंतींमध्ये एकावर एक कप्पे केलेले आहेत आणि प्रत्येक कप्प्याच्या काचेआड फुले ठेवलेली असतात. एखाद्या वस्तीसारख्या त्या गल्ल्या वरून पाहताना मी बराच वेळ काही बोलू शकले नाही.

मी गेले तेव्हा एका मार्गाचे भाडे ३ बोलिव्हियानो होते आणि न थांबता पुढचा मार्ग पकडल्यास त्याचे २ बोलिव्हियानो पडत. त्यासाठी अदलाबदलीचे तिकीट सुरुवातीलाच मागून घ्यावे लागते. लाल मार्गाने वर जावे, रुपेरी मार्गाने पठाराच्या कडेकडेने मिरादोर स्थानक गाठावे, तिथून पिवळ्या मार्गाने खाली उतरावे आणि आकाशी मार्गाने प्रादो या मध्यवर्ती भागात परतावे, अशी फेरी मी प्रत्येकाला सुचवीन. आकाश निरभ्र असेल तर ६,४०० मीटरहून उंच इयिमानी शिखर या फेरीत अगदी स्पष्ट दिसते.

विमानतळ एल आल्तोमध्येच, ४,००० मीटरहून अधिक उंचीवर असल्यामुळे उतरल्याबरोबर दम लागतो आणि डोके दुखते. त्यामुळे पहिला दिवस खालच्या शहरात विश्रांती घेऊन काढावा आणि वरची फेरी नंतर करावी. चढ पायी चढण्यापेक्षा केबिनमध्ये बसणे धडधाकट माणसालाही केव्हाही बरे. उंचीच्या या त्रासावर कोका या झुडपाच्या पानांचा चहा तिथे सर्रास मिळतो, पण कोकाच्या पानांवर भारतात कायद्याने बंदी असल्याने पाने किंवा चहाच्या पुड्या सामानात घालून आणू नयेत. परतताना मुंबईत उतरायचे असेल तर पिवळ्या तापाच्या लसीचे प्रमाणपत्र जवळ असलेच पाहिजे, आणि ते लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी ग्राह्य धरले जात असल्यामुळे लस वेळेवर घ्यावी.

उणिवाही आहेत. फलक मुख्यतः स्पॅनिशमध्ये आणि काही ठिकाणी आयमारा या स्थानिक भाषेत असतात, तेव्हा स्थानकांची नावे आधी लिहून ठेवावीत. सकाळ-संध्याकाळ कामाच्या वेळी रांगा लांबतात, विजा चमकू लागल्या की केबिनी काही काळ थांबवल्या जातात, आणि रविवारी सेवा लवकर बंद होते. एल आल्तोचा प्रचंड मोठा बाजार मात्र गुरुवारी आणि रविवारीच भरतो व तो लाल मार्गाच्या वरच्या स्थानकाशीच आहे. म्हणून शक्य असल्यास गुरुवारची सकाळ निवडावी.