बॅटरी तळाला आहे! (८९ डॉलरचा रेड डॉट, नऊ महिन्यांनंतर)

बॅटरी तळाला आहे. एवढं वाचून ज्यांना कळलं त्यांनी पुढे नाही वाचलं तरी चालेल. बाकीच्यांसाठी सविस्तर लिहितो. फेब्रुवारीत हा रेड डॉट साइट (बंदुकीवर बसवायची काच, तिच्यात दिसणारा लाल ठिपका लक्ष्यावर ठेवून नेम धरायचा) घेण्याआधी मी चाळीस-पन्नास जणांचे अनुभव वाचले होते. काच किती स्वच्छ, ब्राइटनेसच्या पायऱ्या किती, खोक्यात पुसायचं फडकंसुद्धा मिळतं, सगळं होतं त्यात. बॅटरी बदलायला अख्खा साइट बंदुकीवरून उतरवावा लागतो, हे एकाही शहाण्याने लिहिलं नव्हतं.

कंपनीचं नाव देत नाही. हा तुकडा तीन-चार नावांनी विकला जातो, त्यामुळे एक नाव सांगून तुमचा काही फायदा नाही. ८९ डॉलर. मिझुरीत येऊन अठरा वर्षं झाली तरी माझ्या डोक्यात लगेच रुपये होतात, साडेसात हजारांच्या वर. वर तो बंदुकीवर बसवायची २० डॉलरची पट्टी. बंदूक मॉसबर्ग ५००, बाराबोअर, पंप, म्हणजे छर्ऱ्यांची शॉटगन. रिसीव्हरवर (घोड्याच्या वरची धातूची पेटी) कारखान्यातूनच भोकं पाडलेली असतात, त्यामुळे पट्टी बसवायला कुणाला पैसे द्यावे लागले नाहीत. खर्चाची एवढी एकच बाजू सुखाची.

साध्या माशीवर, म्हणजे नळीच्या टोकावरच्या नेमाच्या मण्यावर, भागत नव्हतं का? नव्हतं. टर्कीच्या (कोंबडीच्या जातीचा मोठा रानपक्षी) शिकारीला बसणाऱ्यांना हे सांगायला नको. झाडाला पाठ, गुडघ्यावर बंदूक, तोंडावर जाळी, आणि ज्या दिशेला नळी धरून तासभर बसलोय ती सोडून भलतीकडूनच नर येतो. मग कमरेतून पिळवटून वळायचं, त्यात गाल दस्त्यावरून उचलला जातो, आणि गाल उचलला की बार वरून जातो. त्यात टर्कीचा चोक, म्हणजे नळीच्या टोकाला बसवायचं अरुंद तोंड, इतका आवळलेला की १० यार्डांवर छर्रे मोसंब्याएवढ्या जागेतून जातात. शॉटगन आहे, अंदाजाने लागेल, हा गैरसमज मी गेल्या वर्षी १२ पावलांवरून नर चुकवून दूर करून घेतला. शेजारचा म्हातारा, ज्याच्या रानात मी बसतो, तो त्यानंतर आठवडाभर मला भेटला की हाताने उडणारा पक्षी करून दाखवायचा.

रेड डॉटमध्ये गाल थोडा इकडेतिकडे झाला तरी ठिपका जिथे दिसतो, बार साधारण तिथेच जातो. हे काम या ८९ डॉलरच्या साइटने पहिल्या दिवसापासून चोख केलंय, हे आधीच कबूल करतो. पुढे मी बरंच बोलणार आहे.

पहिला आठवडा मात्र मी त्याला शिव्याच घातल्या. वर्णनात ३ एमओएचा (एमओए हे कोनाचं माप, १०० यार्डांवर साधारण एक इंच) गोल ठिपका लिहिलेला, आणि मला दिसत होता स्वल्पविराम. शेपटी खाली डावीकडे. परत पाठवायचा म्हणून खोकं शोधून काढलं, दोन ताऱ्यांचा अभिप्रायही लिहून तयार ठेवला. तेवढ्यात मुलीने मोबाइलचा कॅमेरा काचेमागे धरून फोटो काढला. फोटोत ठिपका गोल, टिकलीसारखा. म्हणजे शेपटी साइटला नव्हती, माझ्या डोळ्याला होती. डाव्या-उजव्या दोन्ही डोळ्यांना सिलिंड्रिकल नंबर निघाला, आणि मी दोन वर्षं जुन्याच चष्म्यावर गाडी चालवत होतो. नव्या चष्म्याने आणि ब्राइटनेस दोन पायऱ्या उतरवल्यावर शेपटी जवळजवळ गेली. तुम्हाला ठिपका फाटलेला दिसत असेल तर परत पाठवण्याआधी कॅमेऱ्याने बघा. ते दोन तारे मी मागे घेतले. (चष्म्याला १४० डॉलर गेले. ते साइटच्या हिशेबात धरायचे की नाही यावर घरात मतभेद आहेत.)

आता झिरो करायचा, म्हणजे ठिपका आणि बार एकाच जागी आणायचा, खर्च. हा मुद्दा लक्षात ठेवा, बॅटरीकडे परत येताना लागेल. मी टीएसएसची, म्हणजे टंगस्टनच्या छर्ऱ्यांची, ९ नंबरची काडतुसं वापरतो. टंगस्टनची घनता १८ च्या आसपास, शिशाची ११.३, त्यामुळे छर्रा बारीक असूनही ४० यार्डांवर दम टिकवतो. किंमतही तशीच, एक बार म्हणजे दहा-बारा डॉलर. एका बारात दोघांचं जेवण होतं, आणि खांद्याला जो धक्का बसतो तो निराळा. म्हणून आधी २० यार्डांवर साध्या स्वस्त काडतुसांनी ठिपका जागेवर आणला. एक क्लिक म्हणजे १ एमओए, २० यार्डांवर जेमतेम पाव इंचही नाही, त्यामुळे क्लिक मोजून मोजून बोट दुखतं. शेवटी ४० यार्डांवर तीन महागडे बार. १० इंची वर्तुळात १०० छर्रे बसले की लोक पास समजतात. माझे १८७ बसले. हिने पेन घेऊन एकेका भोकावर टिंब करत मोजले, आणि ‘ह्याच्यासाठी छत्तीस डॉलर?’ एवढंच विचारलं.

एप्रिलचा तिसरा सोमवार इथे टर्कीचा पाडवा, म्हणजे मोसमाचा पहिला दिवस. पहिल्या आठवड्यात नुसते दुरून आवाज. दुसऱ्या आठवड्यातल्या बुधवारी पहाटे झाडावरच नर ओरडला, खाली उतरला, आणि म्हाताऱ्याने दोनच हाका दिल्यावर पिसारा फुलवून सरळ आमच्याकडे चालत आला. २८ पावलं. मी बंदुकीत डोळा घातला, आणि काचेत ठिपका नाही. समोर झाड, गवत, नर, सगळं स्वच्छ दिसतंय. काच खरंच चांगली आहे. ठिपका तेवढा नाही. बटण दाबलं. पुन्हा दाबलं. ‘टिक’ आवाज झाला तशी त्याने मान ताठ केली.

साइट उंच पट्टीवर बसवलेला, त्यामुळे नळीवरची माशी त्यातून दिसतच नाही. अंदाजाने बार टाकायचा तर जखमी करून सोडायचा धोका. नाही टाकला. नर दोन मिनिटं उभा राहिला आणि आला तसा निघून गेला. माझ्या खिशात नवी सीआर२०३२ बॅटरी होती! पण ती घालायला साइट उतरवायचा, त्याला टी१० पाना लागतो, आणि पाना घरी ड्रॉवरमध्ये. म्हातारा काही बोलला नाही. नुसता हाताने पक्षी करून दाखवला.

घरी येऊन कंपनीला मेल टाकला. उत्तर आलं की बॅटरी ५०,००० तास चालते, आपली बॅटरी सदोष असावी. इंजिनिअरला असं काही लिहू नये. सीआर२०३२ मध्ये साधारण २२० मिलिअँपिअर-तास असतात. त्याला ५०,००० ने भागलं तर ०.००४४ मिलिअँपिअर. एवढ्या करंटवर ठिपका असेल तर तो अंधाऱ्या खोलीत मांजराला दिसेल. हा आकडा सगळ्यात मंद पायरीचा. भर उन्हात झिरो करताना मी सगळ्यात वरच्या पायरीवर होतो, तिथे समजा १ मिलिअँपिअर ओढला तरी २२० तास, म्हणजे नऊ दिवस. आणि झिरो केल्यावर साइट बंद न करता मी बंदूक तीन आठवडे तिजोरीत ठेवली होती. हे त्यांना कळवलं नाही. तुम्हाला कळवतो.

चूक माझी, मान्य. या किमतीत हलवल्यावर जागा होणारा किंवा आपोआप बंद होणारा साइट मिळतो, तो मी बघून घ्यायला हवा होता. पण बॅटरी वरून किंवा बाजूने बदलता आली असती तर माझी चूक पंधरा सेकंदांत निस्तरली असती. व्हॉर्टेक्स वेनम आणि बरिस फास्टफायर ३ मध्ये बॅटरी वरून जाते, होलोसन ४०७के मध्ये बाजूच्या छोट्या ट्रेमधून. तेव्हा दुप्पट-अडीचपट पैसे घालायचं जिवावर आलं.

खरी अडचण अशी की साइट उतरवून पुन्हा बसवला की झिरो हललाय की नाही हे कळत नाही. हलला नसेलही. पण ते कळायला बार टाकावा लागतो, आणि बार दहा-बारा डॉलरचा. दोन डॉलरची बॅटरी बदलायला दरवेळी तीन काडतुसं जाळायची, तर वर्ष-दोन वर्षांत वरून बॅटरीवाल्या साइटचे पैसे निघतात. हा हिशेब मी कागदावर मांडून म्हाताऱ्याला दाखवला. त्याने कागद बघितलाही नाही. म्हणाला, ‘बंदूक रिकामी कर आणि गोठ्यात ये.’

गोठ्यात लाकडी बाकाला शिकंजा आहे. त्याने बंदुकीला गोणपाट गुंडाळून ती शिकंज्यात आवळली, नळी मोकळ्या कुरणाकडे. कुरणात ४० यार्डांवर कुंपणाचा खांब आहे, त्यावर खडूने फुली मारली, आणि बंदूक हलवून ठिपका फुलीवर आणून पक्की केली. मग साइट उतरवला, बॅटरी बदलली, साइट बसवला, आणि काचेच्या बरोबर मध्यातून बघितलं. ठिपका फुलीच्या किंचित डावीकडे, साधारण इंचभर. दोन-तीन क्लिक देऊन परत फुलीवर. झालं. एकही बार नाही. नंतर खात्रीसाठी एक महागडा बार टाकला, तो मधोमध. मला स्वतःचा राग आला, कारण हे मला सुचायला हवं होतं. ह्या दिवसापासून साइटबद्दलचं माझं मत एका ताऱ्याने वाढलं, आणि म्हाताऱ्याबद्दलचं अर्थात जास्त.

स्क्रूचंही सांगून टाकतो. बाराबोअरच्या तीन इंची काडतुसाचा धक्का असा असतो की दहा-बारा बारांनंतर समोरचा स्क्रू पाव फेरा सैल झाला होता. निळं थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ न देणारा डिंक) लावाच. आणि स्क्रूच्या डोक्यावरून पट्टीवर नेलपॉलिशची बारीक रेघ ओढून ठेवा, रेघ तुटलेली दिसली की स्क्रू फिरलाय. मी हिच्या डब्यातली लालभडक ओढली. म्हाताऱ्याने ती बघितली आणि पहिल्यांदाच खरोखर चिडला. वसंतात रानात लाल, पांढरं, निळं काही न्यायचं नाही, नराच्या डोक्याचे तेच रंग, दुसरा शिकारी हलणाऱ्या रंगावर बार टाकेल. रेघ केसाएवढी होती, पण खरवडून काढायला लावली. आता तपकिरी आहे, हिच्या मते ती तशीही तिला शोभत नव्हती.

मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी नर मिळाला. ३३ पावलं, एक बार, ठिपका मानेच्या मुळाशी. सकाळी सहाला उजाडताना ब्राइटनेस खालून तिसरी पायरी पुरते. जास्त ठेवली तर ठिपक्याभोवती लाल धुकं येतं आणि मान दिसेनाशी होते. छातीच्या मांसाचं सुकं झालं, तंगड्या कुकरच्या आठ शिट्ट्यांनाही दाद देत नव्हत्या, शेवटी त्यांचा रस्सा. बाबांनी सांगलीहून व्हिडिओवर बघून विचारलं, ‘एवढी मोठी कोंबडी, आणि तिला दुर्बीण लागते?’ त्यांना ठिपका समजावून सांगायचा नाद मी सोडलाय. शिकार हाच विषय त्यांना विचित्र वाटतो. मीही यात शिरलो तो उलट्या दाराने: एच-१बीवर असताना शिकारीचा परवाना असल्याशिवाय बंदूक बाळगता येत नव्हती, मला फक्त रेंजवर जायचं होतं, पण परवाना काढला आहे तर पैसे वसूल करू म्हणून रानात गेलो.

ऑक्टोबरच्या मोसमात नवा दोष सापडला. साइट उघडा आहे, म्हणजे दिवा मागे आणि काच पुढे, मध्ये मोकळी जागा. भुरभुर पावसात दिव्यावर एक थेंब बसला की ठिपक्याच्या जागी लाल फुलबाजी. बंद खोकीवाले साइट येतात, त्यात हा प्रश्न नाही, पण पैसे तिकडेही जास्त. मी हॉटेलातली फुकटची शॉवर कॅप साइटवर चढवतो आणि आवाज जवळ आला की काढतो. कुरकुर आवाज होतो, म्हणून लवकर काढायची. बाकी कुणी ६ एमओए घेऊ की ३ विचारत असेल तर टर्कीसाठी दोन्ही चालतात. ४० यार्डांवर ३ चा ठिपका सव्वा इंच झाकतो, ६ चा अडीच. म्हातारे डोळे असतील तर ६. माझे आता १४० डॉलरचे आहेत, मला ३ पुरतो.

मागच्या आठवड्यात कंपनीचा मेल आला. नव्या मॉडेलमध्ये बॅटरी बाजूला केली आहे, जुन्या गिऱ्हाइकांना २० डॉलर सूट, स्क्रूची भोकं तीच. किंमत ११९. सूट धरून ९९. मी अजून उत्तर दिलेलं नाही. तूर्तास दस्त्यावर काडतुसं अडकवायचा जो पट्टा आहे, त्याच्या चौथ्या कप्प्यात काडतुसाऐवजी टी१० पाना आणि चिकटपट्टीत गुंडाळलेली बॅटरी ठेवली आहे. बॅटरीवर तारीख घातली आहे.