पावसाळाभर उभी राहणारी गाडी आणि बॅटरी मेंटेनर : दहा महिन्यांच्या वापरानंतर

आमची पेट्रोलवर चालणारी लहान गाडी चिपळूणजवळच्या गावच्या घरी असते आणि आम्ही पुण्यात. गणपती, दिवाळी, शिमगा आणि मे महिन्याची सुट्टी सोडली, तर ती घराशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभीच असते. गेल्या वर्षी गणपतीच्या आदल्या दिवशी बाजारात जाण्यासाठी किल्ली फिरवली, तेव्हा बॉनेटखालून नुसती टकटक ऐकू आली आणि डॅशबोर्डवरचे दिवे मंद होत विझले. मल्टिमीटर लावला, तर बॅटरीचा दाब ११.४ व्होल्ट भरला. पूर्ण चार्ज असलेली बॅटरी गाडी बंद असताना १२.६च्या आसपास दाखवते, हे लक्षात घेता ती संपलेलीच होती. जंपर केबल लावून तो सण निभावला, पण बॅटरी पुन्हा सावरली नाही. दिवाळीत नवी बॅटरी घेतली आणि तिच्यासोबत चार अँपिअरचा मेंटेनरही, म्हणजे उभ्या गाडीची बॅटरी भरलेली ठेवणारा चार्जर. एका परिचित कंपनीचाच आहे. नाव मुद्दाम लिहीत नाही.

शेजारचे काका दर रविवारी न चुकता दहा मिनिटे गाडी सुरू करून ठेवत असत, तरी हे घडले, याचे मला आधी नवल वाटले होते. नंतर हिशेब केला. गाडी कुलूपबंद असतानाही घड्याळ, इमोबिलायझर (चोरीपासून बचाव करणारी यंत्रणा) वगैरे मिळून आमच्या गाडीत सुमारे ३० मिलिअँपिअर प्रवाह सतत खर्च होतो, म्हणजे आठवड्याला जवळजवळ ५ अँपिअर-तास. उभ्या गाडीत दहा मिनिटे इंजिन चालवून एवढी भरपाई होत नाही, त्यामुळे दर आठवड्याला थोडी तूट साचत जाते आणि ३५ अँपिअर-तासांची बॅटरी पावसाळा संपण्याआधीच तळ गाठते. शिवाय इंजिन नीट तापण्यापूर्वीच बंद केले, की सायलेन्सरमधले पाणी तिथेच राहते. काकांना हे सांगताना मला फार संकोच वाटला.

मेंटेनर बॅटरीला आधी १४.४ व्होल्टपर्यंत नेतो आणि ती भरली, की दाब उतरवून त्या कमी दाबावर धरून ठेवतो. त्यामुळे साध्या चार्जरप्रमाणे जास्त चार्ज होऊन बॅटरी तापण्याची भीती राहत नाही. त्याच्यासोबत आलेल्या कड्यांच्या तारा बॅटरीच्या टर्मिनलवर कायमच्या बसवल्या आहेत, त्यामुळे दर वेळी चिमटे लावावे लागत नाहीत. बसवण्यापूर्वी टर्मिनलवर साचलेली पांढरी-हिरवट भुकटी खाण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्याने धुतली, कोरडी केली आणि वर पेट्रोलियम जेली लावली. शिमगा, मे आणि यंदाचा गणपती, तिन्ही वेळा मेंटेनर काढून तासाभराने पाहिले, तेव्हा दाब १२.७ होता आणि गाडी पहिल्याच खेपेला सुरू झाली.

एक दोष मात्र गंभीर आहे. वीज जाऊन आली, की हे यंत्र आपोआप पुन्हा चार्ज करू लागत नाही. त्याचे बटण दाबावे लागते. पावसाळ्यात आमच्याकडे वीज दिवसातून किती वेळा जाते, ते कोकणात राहणाऱ्यांना सांगायला नको. आता काका रविवारी इंजिनाऐवजी ते बटण दाबतात. खरेदीपूर्वी एवढी एक गोष्ट अवश्य विचारून घ्यावी. तारही आखूड असल्याने यंत्र शेडमधल्या ओलीपासून दूर ठेवणे अवघड जाते.

बॅटरी सुस्थितीत असली म्हणजे गाडी तयार असते असे नाही, हे मला शिमग्याला कळले. इंजिन सुरू झाले, पण गाडी हलेना. मी हॅण्डब्रेक ओढून गेलो होतो आणि दमट हवेत मागच्या डाव्या चाकाचे ब्रेक शू गंजून ड्रमला चिकटले होते. चाक काढून ड्रमवर लाकडी हातोडीने चहूबाजूंनी हलके ठोके दिले, तेव्हा ते ‘खट्’ असा आवाज करून सुटले. तेव्हापासून गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवतो, चाकांना पुढून-मागून विटा लावतो आणि हॅण्डब्रेकला हात लावत नाही. पुढच्या डिस्कवरचा तांबूस गंज पहिल्या दोन-तीन किलोमीटरांत ब्रेक हलके दाबत गेल्यावर निघून जातो. टायरमधली हवा ३३ वरून २७ वर आलेली असते, ती आधी भरून घेतो. पीयूसी आणि विम्याच्या तारखा पुण्याहून निघण्यापूर्वीच पाहतो.

सुमारे साडेतीन हजार रुपयांना हे यंत्र महाग आहे का? गाडी महिना-दीड महिनाच उभी राहणार असेल, तर दहा नंबरच्या पान्याने बॅटरीची निगेटिव्ह तार सोडून ठेवावी. काम फुकटात होते. तीन-तीन महिने आणि तेही पावसाळ्यात गाडी ठेवणाऱ्यांनी जरूर घ्यावे.

उंदरांचा बंदोबस्त मात्र अजून जमलेला नाही. शिमग्याला एअर फिल्टरच्या डब्यात नारळाच्या सोडणांचे घरटे आणि काजूची टरफले निघाली. कुणीतरी सांगितले म्हणून मे महिन्यात बॉनेटखाली तंबाखूच्या पानांची पुरचुंडी बांधून ठेवली. यंदा गणपतीला डबा उघडला, तर नव्या घरट्यात त्याच पुरचुंडीचे फडके अंथरलेले होते.