मिस्त्रीला गाडीतला दोष पहिल्याच दिवशी सापडला होता, ७३,४५० रुपये मी त्यानंतर दिले

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण "मिस्त्रीचं निदान चुकलं असेल, तोही माणूसच आहे" हे मला आजवर दहा जणांनी ऐकवलंय. त्याचं निदान चुकलं नव्हतं. गाडीला काय झालंय हे त्याला पहिल्या पाच मिनिटांत कळलं होतं. पुरावा माझ्याकडे आहे.

गाडी टाटा ४०७, २००८चं मॉडेल. मी निफाड तालुक्यात राहतो. कांदा आणि हंगामात द्राक्षं वाशी मार्केटला नेतो, गाडी स्वतःच चालवतो. डिसेंबर २०२४च्या अखेरीला थंडी वाढली आणि गाडी सकाळी त्रास द्यायला लागली. सेल्फ जोरात फिरायचा, पण इंजिन उचलायचं नाही. आठ-दहा वेळा सेल्फ मारला, बॅटरी बसायला आली की कशीबशी ठसकत चालू व्हायची. मग मात्र दिवसभर चावीला हात लावला की चालू. घाट उतरून वाशीत चार तास उभी केली तरी एका झटक्यात चालू. त्रास फक्त रात्रभर उभी राहिल्यावर.

डिझेल गाड्यांत ज्यांचं आयुष्य गेलंय ते इथेच ओळखतील. मीही ओळखायला हवं होतं. एकोणीस वर्षं स्टिअरिंगवर आहे.

पण जानेवारी होता. द्राक्षाचे पहिले माल सुरू व्हायचे होते, २८ तारखेला गाडीचं फिटनेस सर्टिफिकेट संपत होतं, आणि वडिलांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन त्याच आठवड्यात. घरी निवांत बसून डिझेलची लाइन तपासायला वेळ नव्हता. ओळखीच्या एका ट्रान्सपोर्टवाल्याने हायवेवरचं गॅरेज सांगितलं, "डिझेल पंपाच्या कामात एक नंबर आहे" म्हणाला. ६ जानेवारीला संध्याकाळी गाडी तिथे लावली आणि सकाळी सातला पोचलो.

त्या सकाळी माझ्या डोळ्यांसमोर काय घडलं ते रोज आठवतं. मिस्त्रीने माझ्याकडून तीन-चार वेळा सेल्फ मारून घेतला. सायलेन्सरमधून धूर नाही, काळा नाही की पांढरा नाही. त्याने बॉनेट उघडलं, डिझेल फिल्टरवरचा एअर काढायचा स्क्रू दोन आटे सैल केला आणि टाकीतून डिझेल ओढणाऱ्या फीड पंपावरचा हातपंप मारायला लागला. स्क्रूतून फेस आला. साबणासारखा पांढुरका फेस, त्यात बुडबुडे फुटत होते. वीस-पंचवीस वेळा हातपंप मारल्यावर सलग स्वच्छ डिझेल आलं, तेव्हा त्याने स्क्रू आवळला आणि मला म्हणाला, "मारा भाऊ." अर्ध्या सेल्फमध्ये गाडी चालू!

मी फेस पाहिला होता. स्पष्ट पाहिला होता. लाइन कुठेतरी एअर घेतेय, रात्रभरात डिझेल मागे टाकीकडे उतरतंय, सकाळी पंपात हवा भरलेली असते म्हणून गाडी उचलत नाही. एवढंच होतं. ज्या इंजिनात कॉम्प्रेशन, म्हणजे डिझेल पेटवणारा हवेचा दाब, नाही ते गारठ्यात, रात्रभर थंड पडलेलं असताना अर्ध्या सेल्फमध्ये चालू होईल का?

पण त्याने फडक्याला हात पुसले, ऑइल भरायचं झाकण काढलं आणि तिथून येणारा धूर दाखवला. "बघा, खालून फुंकतेय. रिंगा गेल्या. हाफ इंजिनला घ्यावी लागेल, म्हणजे पिस्टन-रिंगा बदलाव्या लागतील. नाहीतर ऐन सीझनमध्ये घाटात बसेल." सतरा वर्षं चाललेल्या डिझेल इंजिनाच्या त्या भोकातून थोडा धूर येणारच. हेही मला माहीत होतं. पण 'सीझनमध्ये बसेल' हे वाक्य जिथे लागायचं तिथे बरोबर लागलं. हो म्हणालो.

गाडी १७ दिवस आत होती. मी तीनदा गेलो, सोडून दिली नव्हती, हे मुद्दाम सांगतो. एकदा गोणपाटात गुंडाळलेले काळे पिस्टन आणि तुटकी रिंग दाखवली. एकदा "हेड लेथवर गेलंय" म्हणाला आणि माझ्या गाडीचं बॉनेट ताडपत्रीने झाकलेलं होतं. ताडपत्री मी उचलली नाही. दुसऱ्याच्या गॅरेजमध्ये उघड्या इंजिनावर धूळ नको म्हणून झाकलंय, असं वाटलं. कुणालाही तसंच वाटलं असतं.

२३ जानेवारीला हातात कागद पडला. पिस्टन-रिंगा-लायनर २१,४००. हेडचं लेथकाम ४,८००. पंप कॅलिब्रेशन (डिझेल मापात सुटावं म्हणून पंपाची जुळणी) १३,५००. चार नवे नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे) ९,४००. सेल्फ ओव्हरहॉल २,८००. बॅटरी ६,९००. ऑइल, फिल्टर ३,६५०. मजुरी ११,०००. एकूण ७३,४५०. कोऱ्या कागदावर पेनाने लिहिलेलं, वर गॅरेजचं नाव नाही, जीएसटी नंबर नाही. पक्कं बिल मागितलं तर "अठरा टक्के वर लागतील" म्हणाला. ५०,००० बायकोच्या पाटल्या पतसंस्थेत ठेवून उचलले. ४०,००० ऑनलाइन पाठवले, तेही त्याच्या भाच्याच्या नंबरवर, आणि ३३,४५० रोख. पैसे घेणाऱ्याचं नाव आणि गॅरेजवाल्याचं नाव एक नसेल तर तिथेच थांबा. मला पुढे हेच सगळ्यात महागात पडलं.

सहा दिवस गाडी छान चालू झाली. सातव्या दिवशी सकाळी पुन्हा तेच. फोन केला तर म्हणाला, "नवीन इंजिन आहे भाऊ, टाइट असतं, हजार किलोमीटर जाऊ द्या." त्यानंतर फोन उचलणंच बंद.

मग पिंपळगावच्या एका वयस्कर मिस्त्रीमामांकडे गेलो. मामांनी पाना हातात घ्यायच्या आधी माझ्या हातात टॉर्च दिली आणि म्हणाले, "खाली वाक." ऑइल चेंबरच्या, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या भांड्याच्या, बोल्टांवर चिखल होता. पावसाळ्यातला, ऑइलमध्ये कालवून वाळलेला, नखाने खरवडला तरी न निघणारा. चेंबर न उतरवता पिस्टन कसे बदलले? मग त्यांनी पंपावरची तार दाखवली. २०२१ मध्ये मी नाशिकच्या पंपरूममध्ये कॅलिब्रेशन केलं होतं, त्यांचं शिशाचं सील जसंच्या तसं होतं. पंपाला कुणी हात लावला नव्हता. नोझल बाहेरून चंदेरी रंगवलेले, आत जुनेच. नवी म्हणून दिलेल्या बॅटरीवरची तारीख २०२२ची.

शेवटी फीड पंपाकडे येणारा पाइप सोडला. बँजो बोल्टचे (पाइप जोडणारा, आतून पोकळ बोल्ट) तांब्याचे दोन्ही वॉशर चपटे होऊन चिरलेले, आणि बोल्टाच्या आट्यांवर पांढरी टेफ्लॉनची टेप गुंडाळलेली. ताजी टेप.

मामा काही बोलले नाहीत, बोल्ट माझ्या तळहातावर ठेवला. त्या माणसाने नेमकी तीच जागा टेपने बांधली होती. म्हणजे गळती कुठे आहे हे त्याला माहीत होतं. सहा दिवस टेप टिकली, तेवढेच सहा दिवस गाडी चालली.

नवे वॉशर आणि फीड पंपाच्या आधीचा रबरी पाइपचा तुकडा १८०, मजुरी २००. एकूण ३८०. त्या दिवसापासून आजपर्यंत एकाही सकाळी गाडीने त्रास दिलेला नाही.

अशी गाडी असेल तर गॅरेजला जाण्याआधी एवढं करा. सेल्फ मारताना कुणालातरी सायलेन्सरपाशी उभं करा. धूरच नसेल तर डिझेल पोचत नाही. पांढरा धूर येत असेल तर डिझेल पोचतंय पण जळत नाही, तेव्हा कॉम्प्रेशनचा, टायमिंगचा विचार करा. पंपाकडे जाणारा एक तुकडा पारदर्शक पाइपचा लावा, हवा डोळ्यांना दिसते. नाहीतर स्वच्छ डिझेलचा कॅन पंपापेक्षा उंच टांगा, त्यातून थेट लाइन द्या, एअर काढा आणि रात्रभर तशीच ठेवा. सकाळी पटकन चालू झाली तर इंजिन ठणठणीत आहे. कॉम्प्रेशन गेलंय म्हणणाऱ्याला गेज लावून प्रत्येक सिलिंडरचा आकडा लिहून मागा. गाडी सोडताना चेंबर, हेड आणि पंपाच्या बोल्टांवर नेलपॉलिशचा ठिपका द्या, फोटो काढा.

आता पोलिसांचं. ठाण्यात चार वेळा गेलो. पहिल्यांदा "साहेब बंदोबस्ताला गेलेत". दुसऱ्यांदा अर्ज वाचून हवालदार म्हणाले, "गाडी चालू आहे ना? मग फसवणूक कसली?" तिसऱ्यांदा, "दिवाणी बाब आहे, कोर्टात जा." न केलेल्या कामाचे पैसे घेणं, जुने नोझल रंगवून नवे म्हणून विकणं, यात दिवाणी काय आहे? भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ फसवणुकीचंच आहे, ते मी छापून नेलं होतं. कागद वाचलाही नाही. चौथ्यांदा अर्जाच्या प्रतीवर शिक्का मिळाला, तोही दीड तास बसून. पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टाने अर्ज पाठवला, पोच आली, उत्तर नाही. आरटीओत विचारलं तर गॅरेज आमच्या अखत्यारीत नाही. फिटनेसला एक दिवस उशीर झाला तर मी त्यांच्या अखत्यारीत येतो, मला लुटणारा येत नाही.

ग्राहक आयोगाच्या खिडकीवर सांगितलं, "ट्रक म्हणजे धंदा, तुम्ही ग्राहक होत नाही." एका वकिलांनी २०१९च्या कायद्याचं कलम २(७) काढून दाखवलं: स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठीच घेतलेली आणि वापरलेली वस्तू व्यावसायिक वापरात धरत नाहीत. एक गाडी आणि मीच ड्रायव्हर, यापेक्षा वेगळं पोट भरणं कोणतं? पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला शुल्क नाही आणि दोन वर्षांची मुदत आहे, हे मला त्या खिडकीवर कुणी सांगितलं नाही. तक्रार दाखल केली आहे. मागितले आहेत ७३,४५० आणि बुडालेल्या नऊ फेऱ्यांचे प्रत्येकी २,७०० प्रमाणे २४,३००. समोरचा म्हणतो, पैसे मला मिळालेच नाहीत, भाच्याला विचारा.

चिरलेले वॉशर आणि टेपचा तुकडा प्लास्टिकच्या पिशवीत घालून फाइलला टाचला आहे. फोटो जोडले आहेत, पण वकील म्हणाले तपासणीची वेळ येऊ शकते, तोवर खालून काही हलवू नका. तेव्हापासून गाडी वॉशिंगला नेली की मी स्वतः पाइप धरणाऱ्या पोराजवळ उभा राहतो आणि चेंबरवर पाणी मारू देत नाही.