हाताने जोडणी की कंटेनर? केळीच्या हिशेबाच्या प्रोग्रामपुरतं

रावेर-यावल पट्ट्यातल्या केळी व्यापाऱ्याच्या पीसीवरचा डब्ल्यूपीएफ (मायक्रोसॉफ्टची डेस्कटॉप खिडक्या बनवायची चौकट) प्रोग्राम धरा. पावतीच्या खिडकीला हवी बिलिंग सर्व्हिस, तिला भाव-सर्व्हिस, तिला रिपॉझिटरी (डेटा आणून देणारा वर्ग), तिला डीबीकॉन्टेक्स्ट (डेटाबेसशी बोलणारा ऑब्जेक्ट). ही साखळी कुणी जोडायची: आपण हाताने, की कंटेनरने, म्हणजे ऑब्जेक्ट बनवून एकमेकांना जोडून देणाऱ्या लायब्ररीने?

हाताने जोडायची तर ऑनस्टार्टअपमध्ये (प्रोग्राम सुरू होताना चालणाऱ्या मेथडमध्ये) एकात एक 'न्यू' लिहायचे, बस्स. काही विसरलं तर कंपायलर तिथेच अडवतो. खिडक्या वाढल्या, की मात्र एका कन्स्ट्रक्टरमध्ये (ऑब्जेक्ट बनताना त्याला काय लागतं ते मागणाऱ्या कोडमध्ये) लॉगर, म्हणजे नोंदी ठेवणारा ऑब्जेक्ट, घातला तरी दहा ठिकाणी हात लावावा लागतो.

कंटेनर, समजा मायक्रोसॉफ्टचा, कन्स्ट्रक्टर पाहून तळापर्यंतची साखळी स्वतः बांधतो. एखाद्या सर्व्हिसची कंटेनरकडे नोंदणी राहिली तर ते प्रोग्राम चालू असताना कळतं; 'व्हॅलिडेटऑनबिल्ड' ही तपासणी लावली तर बरंचसं सुरुवातीलाच सापडतं. खरी मेख आहे आयुर्मानाची, म्हणजे ऑब्जेक्ट किती वेळ जगतो याची. एएसपी डॉट नेट कोअरमध्ये (वेब प्रोग्रामच्या चौकटीत) प्रत्येक रिक्वेस्टला स्कोप (ऑब्जेक्टांच्या जगण्याची हद्द) आपोआप मिळतो, डेस्कटॉपवर तो देणारं कुणी नाही. मग सिंगलटनने (प्रोग्रामभर एकच राहणाऱ्या ऑब्जेक्टने) धरून ठेवलेला डीबीकॉन्टेक्स्ट सकाळच्या पहिल्या ट्रकपासून रात्रीपर्यंत जिवंत राहतो, आधी वाचलेलीच नोंद धरून बसतो, आणि शेजारच्या काउंटरवर बदललेला भाव या पडद्यावर जुनाच दिसतो. व्यापारी शिव्या देणार त्या तुम्हाला, कंटेनरला नाही! प्रत्येक खिडकीला स्वतःचा स्कोप द्या, नाहीतर हवा तेव्हा नवा डीबीकॉन्टेक्स्ट देणारी डीबीकॉन्टेक्स्टफॅक्टरी वापरा. हाताने जोडतानाही हा प्रश्न सुटत नाही, फक्त तो डोळ्यांसमोर असतो.

पाच-सात खिडक्यांसाठी मी कंटेनर लावणार नाही. वजनकाटा, साठा, जीएसटी असं सगळं असलेल्या जिनिंगच्या प्रोग्रामला लावेन; पण सर्व्हिसप्रोव्हायडर (मागेल ती सर्व्हिस देणारा खुद्द कंटेनर) खिडक्या-खिडक्यांतून फिरवणार नाही, कारण मग कुणाला काय लागतं ते कन्स्ट्रक्टरवरून कळेनासं होतं.