हीट प्लस: फुकटातलं कामाचं सॉफ्टवेअर, पण एक रकाना रिकामा ठेवू नका

नागपुरात 'हीट' म्हटलं की मे महिना आणि कूलरच आठवतो. ही हीट म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेचं 'हेल्थ इक्विटी असेसमेंट टूलकिट', आरोग्यातली विषमता मोजायचं मोफत सॉफ्टवेअर. साध्या हीटमध्ये संघटनेनंच भरलेला देशोदेशींचा डेटा मिळतो. हीट प्लसमध्ये आपला डेटा चढवता येतो. रामटेक किंवा भिवापूर तालुक्याचं स्त्री-पुरुष अंतर काढायचं असेल तर हीट प्लसच घ्या.

टेम्प्लेट उतरवून घ्यायचं आणि प्रत्येक गटाला एक ओळ द्यायची, म्हणजे स्त्रियांची एक, पुरुषांची एक. रकान्यांची इंग्रजी नावं जशीच्या तशी ठेवा. अक्षर बदललं की फाइल अडकते. टक्केवारी असेल तर स्केल १००. 'चांगला की वाईट' या रकान्यात, निर्देशक वाढलेला चांगला असेल (लसीकरण) तर १, वाईट असेल (मृत्यू) तर ०. लिंग ही चढत्या क्रमाची बाब नाही, म्हणून 'ऑर्डर्ड डायमेन्शन'मध्ये ०.

सगळ्यात जास्त घोळ 'रेफरन्स सबग्रुप'मध्ये, म्हणजे तुलनेसाठी आधार धरायच्या गटाच्या रकान्यात होतो. तो रकाना रिकामा सोडला तर सॉफ्टवेअर मोठ्यातून लहान आकडा वजा करून मोकळं होतं. समजा, एका तालुक्यात स्त्रिया ४० टक्के आणि पुरुष ५० टक्के, दुसऱ्यात नेमकं उलट. फरक दोन्हीकडे १०! मागे कोण आहे ते त्या आकड्यात दिसतच नाही. एका गटापुढे १ भरा आणि तोच गट सगळीकडे ठेवा.

दुसरा घोळ सॉफ्टवेअरचा नाही, आपलाच. समजा, तीस वर्षांवरच्या २०,००० स्त्रियांपैकी ९,००० जणींचा बीपी तपासला आणि २०,००० पुरुषांपैकी ६,००० जणांचा. बरोबर आकडे ४५ आणि ३०. पण रजिस्टरवरून घाईत भरणारा एकूण १५,००० ला भागतो आणि ६०-४० लिहितो. अंतर १५ चं २० झालं, आणि सॉफ्टवेअर कुरकुरही करत नाही. दिवसा शिबिर लावलं की पुरुष कामावर असतात, हे कारण तर कुठल्याच रकान्यात बसत नाही.

फरक आणि गुणोत्तर नेहमी जोडीनं वाचा. एनएफएचएस-५ (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी) प्रमाणे देशात स्त्री नसबंदी ३७.९ टक्के, पुरुष नसबंदी ०.३ टक्के. फरक ३७.६, गुणोत्तर सुमारे १२६. खालचा आकडा इतका बारीक असला की गुणोत्तर उड्या मारतं, ०.३ चं ०.४ झालं तर ते थेट ९५ वर येतं. आणि इथं 'चांगला की वाईट' या रकान्यात काय लिहाल? नसबंदीचा भार कुणी उचलायचा हा प्रश्न ० आणि १ मध्ये मावत नाही.

आलेख सुबक येतात, तक्ते उतरवता येतात. मराठी मात्र नाही. एक्सेल नीट हाताळणारा माणूस कार्यालयात असेल तर अर्ध्या दिवसात हात बसतो. तृतीयपंथीयांसाठी तिसरी ओळ घालता येते, पण तालुक्यात मोजकीच माणसं असतील तर टक्केवारी डळमळीत होते आणि कोण व्यक्ती ते गावाला लगेच कळतं. ती ओळ जिल्हा पातळीवरच घाला.