सत्ता, राज्य की साम्राज्य: कुठे कुठला शब्द?

‘परिसरात घाणीचे साम्राज्य’ हा मथळा वर्षातून दहा वेळा तरी नजरेस पडतो. कचरा, खड्डे, डास, अंधार, सगळ्यांचीच साम्राज्यं पसरलेली. मग मौर्यांवर किंवा रोमवर लिहायला बसलं की हाच शब्द पोकळ वाटतो आणि हात ‘सत्ता’, ‘अधिराज्य’, ‘सल्तनत’ असं काहीबाही चाचपू लागतो. भाषांतर करणाऱ्यांचं तर हे रोजचंच दुखणं. शब्द बदलून बघायला हरकत नाही, पण प्रत्येकाचं काम वेगळं आहे.

माझी पहिली कसोटी क्रियापदाची. सत्ता मिळते, जाते, डोक्यातही जाते. राज्य करतात, चालवतात, ते बुडतं. साम्राज्य उभारतात, ते पसरतं, खिळखिळं होतं, कोसळतं. सत्तांतर रोज होतं, ‘साम्राज्यांतर’ असा शब्द कुणी घडवलेला नाही. म्हणजे सत्ता ही पकड आहे, आज या हातात, उद्या त्या. वाक्यात कोण बसलंय याला महत्त्व असेल तर ‘सत्ता’ लिहा. कुणाकुणाला एका छत्राखाली आणलं याला महत्त्व असेल तर ‘साम्राज्य’.

‘राज्य’ त्यामानाने साधा शब्द, पण आज तोच जास्त फसवतो. ‘राज्याचे धोरण’ म्हटलं की वाचकाला राज्य सरकार दिसतं. म्हणून राज्यशास्त्राची पुस्तकं ‘राज्यसंस्था’ लिहितात. वैचारिक लेखात तेच बरं. (लपंडावात ‘राज्य’ ज्याच्यावर येतं तो बिचारा डोळे मिटून आकडे मोजत उभा असतो. राज्य करणं आणि राज्य येणं यातला फरक पोरांना बरोबर कळलेला आहे.)

सम्राट असला की साम्राज्य असतंच, हा समज आधी सोडून द्यावा. जपानला आजही सम्राट आहे, साम्राज्य नाही. ब्रिटिशांकडे अफाट साम्राज्य होतं, पण त्यांच्या स्वतःच्या देशात सिंहासनावर राजा किंवा राणीच. व्हिक्टोरियाने १८७७ मध्ये ‘कैसर-ए-हिंद’ हा किताब मिरवला तो हिंदुस्थानापुरता, आणि आपण तरीही ‘व्हिक्टोरिया राणी’च म्हणत राहिलो. आपण ज्याला हटकून ‘सम्राट’ म्हणतो तो अशोक आपल्या शिलालेखांत स्वतःला ‘देवानांप्रिय प्रियदर्शी राजा’ म्हणवतो. त्यामुळे पदवी भाषांतरित करताना मुळात काय होतं ते बघावं. मुघलांना मराठीत ‘बादशहा’च शोभतो, ‘सम्राट अकबर’ हिंदीतून आल्यासारखं वाटतं, बिरबलाचा तर तो ‘अकबर बादशहा’. ऑटोमन साम्राज्याचा प्रमुख सुलतान, रशियाचा झार. झार आणि कैसर दोन्ही ‘सीझर’ या रोमन घराण्याच्या नावातूनच आले, पण म्हणून त्यांची अदलाबदल करून चालत नाही.

खरी गफलत होते ती ‘सार्वभौम’ आणि ‘साम्राज्य’ यांत. गणपतीच्या आरतीनंतर म्हणतात त्या मंत्रपुष्पांजलीत राज्यसत्तेच्या प्रकारांची रांगच लागते: साम्राज्य, भौज्य, स्वाराज्य, वैराज्य, पारमेष्ठ्य, महाराज्य. शेवटी ‘सार्वभौम’ येतो आणि पाठोपाठ समुद्रापर्यंतच्या पृथ्वीचा एकमेव राजा. हा मंत्र ऐतरेय ब्राह्मणातला. म्हणजे मुळात सार्वभौम तो, ज्याची सगळी भूमी. आज अर्थ पार उलटला आहे. जेमतेम २१ चौरस किलोमीटरचा नाउरू सार्वभौम आहे, कारण त्याच्यावर कायद्याने दुसरं कुणी नाही. आपल्या संविधानाची मराठी उद्देशिका ‘सार्वभौम’ म्हणते, हिंदी ‘संपूर्ण प्रभुत्व-संपन्न’ म्हणते. इथे मराठीचीच निवड मला सुटसुटीत वाटते. साम्राज्याचा प्रश्न खाली कोण हा, सार्वभौमत्वाचा प्रश्न वर कोण हा. एखादं वाक्य अडलं तर हे दोन प्रश्न विचारून बघा.

‘वर्चस्व’ आणि ‘अधिराज्य’ यांत मी फार वेळ घालवत नाही. राज्य न करताही दबदबा असेल तर वर्चस्व. अधिराज्य रंगभूमीवर आणि रसिकांच्या हृदयावर गाजवतात. गंभीर इतिहासलेखनात ते १५ ऑगस्ट १९४७ ते २६ जानेवारी १९५० या काळातल्या भारताच्या ‘डोमिनियन’ दर्जासाठी (कारभार स्वतःचा, पण राजमुकुट ब्रिटिशांचा) राखून ठेवावं.

‘स्वराज्य’ मात्र जपून. शिवकाळातला, पेशवाईतला आणि टिळकांचा, तिन्हींचे अर्थ एक नाहीत. १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथाने दिल्लीहून सनदा आणल्या त्या चौथाईच्या, सरदेशमुखीच्या आणि स्वराज्याच्या. तिथे स्वराज्य म्हणजे शिवाजी महाराजांच्या वेळचा ठरावीक मुलूख, हिशेबात मांडता येणारा. या कागदांवर लिहिताना टिळकांच्या स्वराज्याचा अर्थ त्यात घुसडला की सगळा परिच्छेद बिघडतो.

‘साम्राज्यशाही’ की ‘साम्राज्यवाद’? धोरण, विचारसरणी सांगायची असेल तर वाद. प्रत्यक्ष लुटणारी यंत्रणा दाखवायची असेल तर शाही. ‘शाही’ हा फारसी प्रत्यय आपण इतका पचवला की लोकांच्या राज्यालाही ‘लोकशाही’ म्हणतो. आणि बोलीत तर राज्यकर्त्यांचा हिशेब केव्हाच चुकता झालाय: मनमानी दिसली की ‘मोगलाई लागून गेली का?’, आणि शेतकऱ्याची संकटं दोनच, अस्मानी आणि सुलतानी.

राहता राहिला ‘सम्राट’ हा किताब. गायकाला लावला की गौरव, साखरेला किंवा शिक्षणाला लावला की टोमणा. स्त्रीलिंगी रूप ‘सम्राज्ञी’. फलकांवर मात्र हमखास ‘लावणीसाम्राज्ञी’ रंगवलेलं दिसतं. तो जादा काना साम्राज्याचा आहे, तिचा नव्हे.